खोलीतली उष्णता मोजायची कशी? एसीचं टनेज ठरवण्याआधीचा हिशेब

एसी घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "खोली केवढी?" लांबी-रुंदी सांगितली की समोरून लगेच टनाचा आकडा. झोपायच्या खोलीला हा ठोकताळा बऱ्यापैकी चालून जातो, कारण तिथे आत फारसं काही नसतंच: दोन माणसं, एखादा दिवा, एक पंखा. पण त्याच मापाच्या खोलीत आठ जण कॉम्प्युटर लावून बसले, किंवा बारा जण नाचायला लागले, तर भिंती तेवढ्याच राहतात आणि हिशेब पार बदलतो.

एसीवर पडणारा भार, धंद्यातल्या भाषेत हीट लोड, दोन बाजूंनी येतो. बाहेरून ऊन, भिंती, छप्पर, काचा, फटींतून शिरणारी हवा. आतून माणसं, दिवे, यंत्रं, शेगडी. हा लेख फक्त आतल्या बाजूचा आहे. बाहेरची बाजू लोकांच्या निदान डोळ्यांवर येते, पश्चिमेची खिडकी कुणालाही खुपते. आतली मात्र एकतर विसरली जाते, नाहीतर तिप्पट धरली जाते.

तिप्पट धरायची चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका छोट्या ऑफिससाठी प्रत्येक यंत्राच्या पाठीमागचं लेबल वाचून सगळे वॅट जोडले. बेरीज भारदस्त आली, एसीही भारदस्त बसला. पंधरा दिवसांत तक्रार आली: खोली गार होते, पण अंग चिकट राहतं, कागदही ओलसर लागतात. मशीन दहा मिनिटांत हवा गार करून थांबत होतं. हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नव्हता. उलट कॉइलवर, म्हणजे एसीतल्या गार नळ्यांवर, जमलेलं पाणी, कॉम्प्रेसर थांबल्यावर चालू राहिलेल्या पंख्याने, परत खोलीतच जात होतं.

तेव्हापासून मी लेबलावर विश्वास ठेवत नाही. वही, प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमीटर आणि त्या खोलीत गुपचूप बसून काढलेला एक तास, एवढ्यावर काम होतं.

आधी तास ठरवा

दिवसभरात त्या खोलीत जे जे कधी ना कधी चालतं, त्याची बेरीज करायची नाही. सगळ्यात जड असा एक तास निवडायचा आणि त्या तासात काय काय एकदम चालू असतं तेवढंच लिहायचं. दुपारी तीनला ऊन कडक, पण अर्धी माणसं बाहेर. संध्याकाळी सहाला ऊन गेलेलं, पण खोली भरलेली. अशी शंका असेल तर दोन्ही तासांचे वेगळे हिशेब करा, प्रत्येकात बाहेरचा भारही त्याच तासाचा धरा, आणि मोठा निघेल तो घ्या. दुपारचं ऊन आणि संध्याकाळची गर्दी एकाच बेरजेत घालू नका.

वहीत दोन रकाने आखा

एक कोरड्या उष्णतेचा, एक ओल्या. एसीवाले त्यांना सेन्सिबल आणि लेटंट म्हणतात. कोरडी म्हणजे जी थर्मामीटरला कळते, हवेचं तापमान वाढवते. ओली म्हणजे घामाची, श्वासाची, उकळत्या भांड्याची वाफ. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. थर्मामीटर त्याने हलत नाही, पण ती वाफ कॉइलवर परत पाणी करायला एसीला तेवढीच ताकद लागते. एक किलो पाण्यामागे साधारण २,४३० किलोज्यूल. म्हणजे तासाला एक लिटर पाणी हवेत जात असेल तर सुमारे ६७५ वॅटचा भार. हा ६७५ लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दोन्ही रकान्यांत आकडे वॅटमध्येच लिहा. टनात शेवटी बदलू.

माणसं

खुर्च्या मोजू नका, माणसं मोजा. आणि ती काय करताहेत ते बघा, कारण माणसाचा भार त्याच्या हालचालीवर ठरतो. हिशेबाच्या तक्त्यांमध्ये साधारण २४ अंशांच्या खोलीसाठी वापरले जाणारे आकडे असे: ऑफिसात बसून, अधूनमधून उठून काम करणारा माणूस ७५ वॅट कोरडी आणि ५५ वॅट ओली, मिळून १३०. नाचणारा ९० कोरडी, १६० ओली. व्यायामशाळेत जोर लावणारा २१० कोरडी आणि ३१५ ओली, म्हणजे एकटा माणूस ५२५ वॅट. ऑफिसातल्या चौघांच्या बरोबरीचा.

या आकड्यांत बघण्यासारखी गोष्ट आहे. बसलेल्यापासून नाचणाऱ्यापर्यंत जाताना कोरडी उष्णता फक्त १५ वॅटने वाढली, ओली मात्र जवळपास तिप्पट झाली. शरीर जादा उष्णता घामावाटेच टाकतं. खोली थोडी गरम ठेवली, समजा २७ अंश, तर माणसाची एकूण उष्णता फारशी बदलत नाही, पण कोरडीचा वाटा घटतो आणि ओलीचा वाढतो. मुलांचा वर्ग असेल तर मोठ्या माणसाच्या सुमारे ७५ टक्के धरायची पद्धत आहे. वाढत्या वयाची मुलं एका जागी बसली तरच, हे माझं म्हणणं.

दिवे

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. दिवा जेवढे वॅट खातो तेवढे सगळे खोलीत उष्णता म्हणून उतरतात. "एलईडी थंड असतो" हे अर्धवट खरं आहे. तो कमी वीज खातो म्हणून कमी तापवतो, एवढंच. त्याचा उजेडसुद्धा भिंतींवर, टेबलावर पडून अखेर उष्णताच होतो. खिडकीतून बाहेर पडेल तो सुटला. जुन्या ट्यूबलाइट असतील तर चोकचे जादा १० ते २० टक्के धरा. फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेल्या दिव्यांची थोडी उष्णता वरच्या पोकळीत जाते, पण लहान खोलीत मी ती वजा करत नाही. वरून ती झिरपत खालीच येते.

प्लगला लावलेलं सगळं

खरी गफलत इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

डेस्कटॉपच्या पाठीमागे ४५० वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा त्याच्या एसएमपीएसची, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याची, कुवत सांगतो, तो किती खातो ते नाही. मेल, ब्राउझर, एक्सेल असं रोजचं काम चालू असताना असा डेस्कटॉप बहुतेक वेळा ६० ते १०० वॅटवर असतो. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर ६५ लिहिलंय, प्रत्यक्षात २० ते ४०. ऑफिसच्या यंत्रांचा खरा वापर नेमप्लेटच्या पाव ते निम्मा, असा सर्वसाधारण अनुभव. याला अपवाद म्हणजे गेमिंग किंवा व्हिडिओ रेंडरिंगची मशीन. ती ग्राफिक्स कार्डासकट ३००-५०० वॅट सहज खातात आणि तासनतास खातात. तिथे अंदाज नको, मोजाच.

मोजायचं कसं? प्लगमध्ये लावायचा मीटर सगळ्यात सोपा. यंत्र त्याच्यावर लावा, नेहमीचं काम एक तास करू द्या आणि वॅटचा क्षणिक आकडा न बघता तासाभरात किती युनिट झाले ते वाचा. ०.१ युनिट म्हणजे सरासरी १०० वॅट. प्रिंटर, किटली, फ्रिज अशा थांबत-थांबत चालणाऱ्या यंत्रांना दुसरा इलाजच नाही. लेझर प्रिंटर छापताना कित्येक शे वॅट ओढतो, नुसता बसलेला असताना दहा-पंधरा. फ्रिज तर पूर्ण २४ तास लावून ठेवा आणि युनिटना २४ ने भागा.

असा मीटर नसेल तर भिंतीवरचा वीजमीटर आहेच. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं; म्हणजे एका युनिटला ३,२०० लुकलुक. खोलीतलं सगळं चालू ठेवून एक मिनिट मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा लुकलुकला तर भार ३०० वॅट. दुसरा आकडा छापला असेल तर मोजलेल्या वेळा ६०,००० ने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा. मग ज्या यंत्राचा वापर हवा तेवढंच बंद करून पुन्हा मिनिटभर मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या यंत्राचे वॅट. मीटरवर एसी चालू नसावा हे सांगायला नको, पण मी एकदा विसरलो होतो म्हणून सांगतो.

दोन-तीन ठिकाणी लोक हमखास अडतात. फ्रिज खोलीला गार करतो की गरम? गरमच. पाठीमागून जी उष्णता बाहेर पडते त्यातली आतून खेचलेली उष्णता मुळात खोलीतूनच आत शिरलेली असते, त्यामुळे उरतात ते त्याने खाल्लेले वॅट. दार उघडं ठेवून खोली गार करायचा प्रयोग याच कारणाने फसतो. पंख्याचंही तेच: साधा छताचा पंखा ७०-७५ वॅट, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास, आणि ते सगळे खोलीतच. वारा अंगाला गार लागतो, हवा गार होत नाही. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला तर खोली किंचित तापतेच. यूपीएस आत असेल तर त्यातून वाया जाणारी वीजही याच रकान्यात धरा. यूपीएसच्या आधी आणि नंतर मोजलं की ती कळते.

सर्व्हरची खोली असेल तर काम उलट सोपं होतं. यूपीएसच्या डिस्प्लेवर लोड वाचा, तेवढे वॅट, बहुतेक सगळे कोरडे, रात्रंदिवस आणि बाराही महिने. तिथे माणूस धरायचा तो फक्त दुरुस्तीला येणारा.

मोटर असेल तर ती कुठे आहे आणि ती फिरवते ते यंत्र कुठे आहे, हे बघा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर पूर्ण भारावर ती ९३३ वॅट ओढते. मोटर आणि यंत्र दोन्ही खोलीत असतील तर ९३३ धरा. मोटर बाहेर आणि यंत्र आत असेल तर ७४६. मोटर आत आणि यंत्र बाहेर असेल तर फक्त १८७.

गॅसची शेगडी हा वेगळाच प्राणी आहे. एलपीजीच्या एका किलोत साधारण ४६ मेगाज्यूल असतात. तासाला १५० ग्रॅम जाळणारा बर्नर म्हणजे १,९०० वॅटच्या आसपास, आणि शिवाय नुसत्या ज्वलनातून तासाला जवळपास पाव लिटर पाणी वाफ होऊन हवेत. भांड्यातलं उकळणारं पाणी त्याच्यावर. डोक्यावर चांगला ओढणारा हूड असेल तर यातला बराचसा भाग बाहेर जातो, पण हूड जेवढी हवा ओढतो तेवढी बाहेरची गरम हवा खोलीत येतेच. ती बाहेरच्या भारात धरा.

एका खोलीचा हिशेब

आठ जणांचं ऑफिस घेऊ. सगळे जागेवर, दुपारचा तास. पाच डेस्कटॉप मोजून प्रत्येकी ९० वॅट, तीन लॅपटॉप प्रत्येकी ३०, आठ मॉनिटर प्रत्येकी २५. किटलीत तासात एकदा लिटरभर पाणी उकळतं.

माणसं: ८ × ७५ = ६०० कोरडी; ८ × ५५ = ४४० ओली
दिवे: ३६ वॅटचे ८ पॅनल = २८८
कॉम्प्युटर आणि मॉनिटर: ४५० + ९० + २०० = ७४०
प्रिंटर, तासाला ०.१ युनिट = १००
राउटर आणि स्विच = २५
यूपीएसमधली घट = ६०
छोटा फ्रिज, दिवसाला ०.६ युनिट = २५
किटली = १००
दोन साधे पंखे = १४०

कोरडी बेरीज २,०७८, ओली ४४०, एकूण २,५१८ वॅट. एक टन म्हणजे ३,५१७ वॅट, तेव्हा आतला भार ०.७२ टन.

हीच खोली लेबलं वाचून केली असती तर? पाच एसएमपीएसचे २,२५०, अडॅप्टरचे १९५, मॉनिटरचे प्रत्येकी ४० प्रमाणे ३२०, झाले २,७६५. प्रिंटर १,०००, किटली १,५००, फ्रिज १००, बाकी माणसं, दिवे, पंखे आणि राउटर तेवढेच. एकूण ६,८५८ वॅट, म्हणजे १.९५ टन. सव्वा टनाची चूक, आणि तीही भिंती-छपराचा भार धरायच्या आत.

मोठ्या हॉलमध्ये सगळं एकदम चालू नसतं म्हणून बेरजेला ०.८-०.९ ने गुणायची पद्धत आहे. आठ जणांच्या खोलीत मी तसं करत नाही. आठही जण एकाच दिवशी, एकाच वेळी कामावर असणं ही तिथे रोजची गोष्ट आहे.

तीच खोली, संध्याकाळी

आता टेबलं बाजूला सारून संध्याकाळी तिथे नाचाचा वर्ग भरतो असं धरू. बारा जण. कोरडी: १२ × ९० = १,०८०, दिवे २८८, स्पीकर ५०, पंखे १४०; एकूण १,५५८. म्हणजे ऑफिसपेक्षा पाचशे वॅट कमी. ओली: १२ × १६० = १,९२०. ताशी जवळपास तीन लिटर पाणी हवेत.

इथे दोन रकान्यांचं महत्त्व कळतं. भारातला कोरड्या उष्णतेचा वाटा ऑफिसात ८३ टक्के होता, इथे ४५. एखादा स्प्लिट एसी त्याच्या ताकदीतली ७५ टक्के कोरडी उष्णता काढायला खर्च करत असेल, तर १,५५८ वॅट कोरडी काढताना तो ओलीतले फक्त ५२० च्या आसपास काढेल आणि सेट केलेलं तापमान आलं म्हणून थांबेल. दोन लिटर पाणी दर तासाला हवेतच. दमटपणा वाढला की कॉइल जास्त पाणी काढू लागते आणि कुठेतरी तोल जमतो, पण तो घाम न सुकण्याच्या पातळीवर. थर्मामीटर २४ दाखवतोय आणि माणसं दारं उघडताहेत, असं दृश्य तिथे दिसतं. अशा खोलीला एकूण टनाइतकंच मशीनचं ओलं काढण्याचं सामर्थ्य विचारा. एसीचा पंखा कमी वेगावर ठेवला तर कॉइल जास्त गार राहते आणि पाणी जास्त निघतं. हवेतलं पाणी काढणारं वेगळं यंत्र, डीह्युमिडिफायर, लावला तर तो जी वीज खाईल ती, आणि पाण्यातून सुटलेली उष्णतासुद्धा, कोरड्या रकान्यात मांडायला विसरू नका.

उष्णता लगेच पोचते का?

नाही, सगळी नाही. कॉम्प्युटरचा पंखा गरम हवा थेट खोलीत सोडतो, तो भार एसीला तत्काळ जाणवतो. माणसाच्या कोरड्या उष्णतेचा मात्र निम्म्याहून जास्त भाग किरणांनी भिंती-फरशी-फर्निचरवर पडतो आणि ती तापल्यावर, तासा-दोन तासांनी, हवेत येतो. मोठ्या इमारतींच्या हिशेबात हा उशीर धरतात. एका खोलीसाठी तो सोडून दिला तरी चालतं, चूक होते ती सुरक्षित बाजूला. फक्त मग वर आणखी फुगवू नका.

फुगवण्याचं गणित मजेशीर आहे. मोजणारा १० टक्के वाढवतो, हिशेब करणारा १०, विकणारा १०, घेणारा "राहू दे थोडा मोठा" म्हणत आणखी १०. चौघांनी मिळून ४६ टक्के वाढले. जादा धरायचंच असेल तर ते एकदाच, शेवटच्या बेरजेवर, आणि कशासाठी ते वहीत लिहून. "पुढच्या वर्षी दोन माणसं वाढणार" हे कारण झालं. "असू दे" हे नव्हे.

टनात बदलताना

आतला भार आणि त्याच तासाचा बाहेरचा भार जोडा, ३,५१७ ने भागा, टन मिळतील. यंत्रावर बीटीयू प्रति तास लिहिलं असेल तर वॅटला ३.४१ ने गुणा. १२,००० बीटीयू म्हणजे एक टन. पण लेबलावरची क्षमता ठरलेल्या परिस्थितीतली असते: आत २७ अंश, बाहेर ३५. बाहेर त्याहून जास्त तापत असेल तर तेच मशीन कमी ताकद देतं. म्हणून उत्पादकाच्या तक्त्यात आपल्या बाहेरच्या तापमानाची ओळ शोधून तिथला आकडा घ्यायचा. त्याच तक्त्यात बहुधा कोरड्या क्षमतेचा वेगळा रकाना असतो. आपले दोन्ही रकाने त्याच्याशी ताडून बघा. एकूण जुळून कोरडी कमी पडणं हेही होतं. इन्व्हर्टर मशीन भार कमी झाल्यावर वेग उतरवतं, पण त्यालाही खालची मर्यादा असते. भार त्याच्याही खाली गेला की ते सुरू-बंद करत राहतं.

बसवल्यावर बादली लावा

मशीन बसल्यावर, खोली नेहमीसारखी भरलेली असताना, ड्रेन पाइपखाली बादली ठेवा. पहिला अर्धा-पाऊण तास सोडून द्या, कॉइल भिजायला आणि हवेत आधीच असलेलं पाणी निघायला तेवढा वेळ जातो. मग बरोबर एक तासाचं पाणी मापून घ्या आणि लिटरना ६७५ ने गुणा. त्या आठ जणांच्या ऑफिसात दारं-खिडक्या बंद असतील तर पाऊण लिटरच्या थोडं खाली, साडेसहाशे मिलिलिटरच्या आसपास पाणी यायला हवं. दीड लिटर आलं तर बाहेरची दमट हवा कुठून तरी आत येते आहे. दाराखालची फट आणि फॉल्स सीलिंगच्या वरची भोकं आधी तपासा. दोनशे मिलिलिटरच आलं आणि माणसांना चिकचिक वाटत असेल, तर घड्याळ लावून कॉम्प्रेसर किती मिनिटं चालतो आणि किती थांबतो ते लिहून काढा.